नोकरी लागली म्हणून सुया का ठेवायच्या?

माझ्या भाचीला बारा वर्षांच्या खंडानंतर पूर्णवेळ नोकरी लागली. वय त्रेचाळीस. कोथरूडहून हिंजवडीला कंपनीच्या बसने जाते. नात्यातल्या मंडळींनी अभिनंदन केलं, पेढे खाल्ले आणि लगेच सल्लाही दिला : "आता ते विणकाम ठेव बाजूला, रिकामपणचे उद्योग ते!" ही मंडळी इथे वाचत असतीलच. वाचा, तुमच्यासाठीच लिहिते आहे.

रिकामपणचे? ज्या घरात दोन मुलं, आजारी सासरे आणि पाहुण्यांची ये-जा होती तिथे ती रिकामी कधी होती ते मला सांगा. तिने विणलेले स्वेटर घालून तुमचीच नातवंडं महाबळेश्वरला फोटो काढून आली. तेव्हा तो उद्योग रिकामपणचा नव्हता, तेव्हा ती "गुणाची" होती. यजमान रात्री तासभर क्रिकेट बघतात. त्यांना बढती मिळाली तेव्हा "आता क्रिकेट सोड" असं कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

आमच्या शाळेतही हेच. वेळापत्रकात कार्यानुभवाचा तास असायचा आणि परीक्षा जवळ आली की गणिताचे सर तो हक्काने मागायला यायचे. हाताने करायचं ते बिनमहत्त्वाचं, हे आपण मुलांना सातवीतच शिकवतो. (मी तास देत नसे. सर माझ्याशी दोन वर्षं बोलत नव्हते. असो.)

माणसाच्या दिवसातला थोडा भाग त्याचा स्वतःचा असतो, ही गोष्ट काही आपोआप मान्य झालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि पुढे झगडून रविवारची सुट्टी मिळवली, ती १० जून १८९० पासून. आणि आता? सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याच राज्याच्या मंत्रिमंडळाने खासगी आस्थापनांतले रोजचे नऊ तास दहापर्यंत न्यायला मान्यता दिली. मोठमोठे उद्योगपती आठवड्याला सत्तर तास, नव्वद तास काम करा म्हणतात. त्यांच्या घरी भाजी कोण निवडतं, हे मात्र कोणी विचारत नाही! अशा वेळी घरच्यांनीच तिचा उरलेला अर्धा तास कचेरीला दान करावा, याचा मला राग येतो.

पण भाचीलाही दोन शब्द. तिने वहीत काय लिहिलं आहे? "या वर्षी : सहा स्वेटर, दोन शाली, चार जोड पायमोजे." अगं, हे तर कचेरीतलं टार्गेट झालं! दिवसभर एकाचं टार्गेट आणि रात्री स्वतःचं? मग डोळे चोळत अकरा वाजता वेणीची वीण घालायची, टाका निसटला की रडायचं, आणि शेवटी "मला जमतच नाही" म्हणून सुया माळ्यावर. म्हणजे नातेवाईकांना हवं होतं तेच.

हिशेब करून बघू, तो शिकवण्यात माझी चौतीस वर्षं गेली. एका पायमोज्याला ६४ टाके घातले, तर टाच आणि चवडा धरून साधारण आठ हजार टाके होतात. मिनिटाला वीस टाके म्हटले, तर ४०० मिनिटं. जोडीला ८००. सकाळी बसमध्ये चाळीस मिनिटं हात चालतो (संध्याकाळी ती झोपते, झोपू दे), म्हणजे आठवड्याचे पाच दिवस मिळून २०० मिनिटं. महिन्याला एक जोडी! रात्री जागायला नको की स्वयंपाकघरातून चोरून वेळ काढायला नको. पण बसमध्ये न्यायचं ते सोपंच, गोल विणत जायचं, न बघता हात चालेल असं. मोजणी लागते ती जाळी, वेण्या, गळा उतरवणं हे रविवारी सकाळी. आणि टाच आली की बसमध्ये नेऊ नकोस, स्पीडब्रेकरवर टाके सांडतात.

सहा स्वेटर मात्र होणार नाहीत. एक होईल, फार तर दोन. ती यादी फाडून टाक. फाडायला जड जात असेल तर माझ्याकडे पाठव.

आणि ज्यांना दिवाळीच्या आत स्वेटर हवा आहे त्या सगळ्यांनी तुळशीबागेतून लोकर आणि नऊ नंबरच्या सुया घेऊन मंगळवारी दुपारी माझ्याकडे यावं. सुलट-उलट एका बैठकीत शिकवते, फी नाही. पुरुष मंडळींनीही यावं, बोटं सगळ्यांना दहाच असतात. चहा मिळेल. आधी फोन करा, तीननंतर मी झोपलेली असते.