उशाजवळचे यंत्र आणि आपले मराठी

मराठी ही ज्ञानभाषा झाली पाहिजे, असे ठासून सांगणाऱ्या किती परिसंवादांत मी श्रोता म्हणून, आणि दोन-चार वेळा वक्ता म्हणूनही, बसलो असेन याची आता मोजदाद नाही. त्या परिसंवादांतील एकाही वक्त्याला, आणि त्यात मी आलोच, गजराचे घड्याळ कसे लावावे हे दहा वाक्यांत मराठीत लिहिता येणार नाही, असे माझे म्हणणे आहे. म्हणणे उद्धट वाटेल. पण ते स्वानुभवाचे आहे, आणि तो अनुभव मला फारसा भूषणावह नाही.

माझ्या वडिलांना, अण्णांना, त्यांच्या नातवाने अमेरिकेहून येताना एक घड्याळ-रेडिओ आणला. उशाशी ठेवायचा, काळ्या काचेत लाल आकडे उजळणारा, आणि गजराच्या वेळी घंटेऐवजी आकाशवाणी सुरू करणारा. सोबत तिकडचा विजेचा दाब इकडे चालावा म्हणून एक ट्रान्सफॉर्मरही. अण्णा शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. सहाला उठणे आणि सात वाजून पाच मिनिटांनी पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या ऐकणे हा त्यांच्या दिवसाचा कणा. तेव्हा भेट अगदी योग्य माणसाला मिळाली होती.

पहिल्या रात्री दहा वाजता त्यांनी मनगटावरच्या घड्याळाबरहुकूम वेळ लावली, सहाचा गजर लावला आणि झोपले. रेडिओ वाजला तो सात वाजून छत्तीस मिनिटांनी. बातम्या संपून गेलेल्या. दुसऱ्या रात्री पुन्हा वेळ लावली, पुन्हा सात छत्तीस. चार दिवस हा क्रम चालला आणि चारही दिवस अण्णा एकच वाक्य म्हणत राहिले, “अरे, मलाच नीट जमत नसेल.”

कारण कळले ते आमच्या महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यामुळे. अशा पुष्कळ घड्याळांत वेळ मोजण्यासाठी वेगळी यंत्रणाच नसते. ती भिंतीतून येणाऱ्या विजेची आवर्तने मोजतात. अमेरिकेत वीज सेकंदाला साठ आवर्तने घेते, आपल्याकडे पन्नास. ट्रान्सफॉर्मर विजेचा दाब कमी करतो, आवर्तनांना हात लावत नाही. साठ मोजल्यावर एक सेकंद पुढे सरकायचे, एवढेच त्या बिचाऱ्या घड्याळाला ठाऊक. त्यामुळे इथे ते तासाला दहा मिनिटे मागे पडते, दिवसाला चार तास. रात्री दहापासून त्याच्या हिशेबाने सकाळचे सहा वाजायला आपले नऊ तास छत्तीस मिनिटे लागतात. घड्याळाच्या पोटाखाली साठ आणि पन्नास असे दोन आकडे लिहिलेली नखाएवढी कळ होती. ती सरकवली आणि प्रश्न मिटला.

कळीचा उल्लेख माहितीपत्रकात नव्हता असे नाही. होता, इंग्रजीत, एका वाक्यात: स्थानिक फ्रिक्वेन्सीप्रमाणे कळ ठेवावी. अण्णांनी ते वाक्य वाचलेही होते. पण रेडिओच्या माहितीपत्रकात ‘फ्रिक्वेन्सी’ म्हटल्यावर ज्याला आयुष्यभर पुणे केंद्र म्हणजे ७९२ किलोहर्ट्झ हे पाठ आहे तो माणूस काय समजणार? केंद्र तर लागत होते. मग फ्रिक्वेन्सी बरोबरच असणार. हा तर्क निर्दोष आहे. दोष लिहिणाऱ्याचा आहे. आणि इथे कोणी लगबगीने परिभाषा कोश उघडून ‘वारंवारता’ हा शब्द पुढे करील, तर त्याने काही सुधारत नाही. केंद्राचीही वारंवारता आणि विजेचीही वारंवारता. हवा होता तो प्रतिशब्द नव्हे, कारण सांगणारे वाक्य हवे होते: ‘भारतातील वीज पन्नास आवर्तनांची असते, कळ साठवर राहिली तर घड्याळ दर तासाला दहा मिनिटे मागे पडेल.’ बस्स.

यानंतर अण्णा म्हणाले, “तू मराठीचा प्राध्यापक ना? मग हे सगळं एकदा मराठीत लिहून दे. चिकटवून ठेवतो.”

मी बसलो. वीस वर्षे मराठी शिकवणारा माणूस एका पानासाठी दोन संध्याकाळी बसला. पहिलेच वाक्य लिहिले: ‘वेळेचे बटण दाबून तासाचे बटण दाबा.’ अण्णांनी आज्ञाधारकपणे वेळेचे बटण दाबले, सोडले, मग तासाचे बटण दाबले. आकडे ढिम्म. या जातीच्या यंत्रांत वेळेचे बटण एका बोटाने दाबलेलेच ठेवावे लागते आणि तेवढ्यात दुसऱ्या बोटाने तासाचे बटण टिचकवावे लागते. झोपेत हात लागून वेळ बदलू नये म्हणून ही व्यवस्था आहे. माझ्या वाक्याने ती सांगितली नव्हती, कारण माझे ‘दाबून’ दोन्हीकडे झुकत होते. ‘जेवून गेला’ यात जेवण आधी संपते. ‘हसून म्हणाला’ यात हसणे आणि म्हणणे एकत्र चालते. प्रत्यय तोच. पूर्वकालवाचक धातुसाधित अव्यय म्हणून मी हा ‘ऊन’ वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो, मुलांकडून ओळखून घेत आलो, त्याला गुण देत आलो. त्याच्यामुळे एखादे यंत्र बंद राहू शकते हे मात्र मला कोणी शिकवले नव्हते आणि मीही कोणाला शिकवले नव्हते. दामल्यांचे शास्त्रीय मराठी व्याकरण १९११ सालचे. शंभर वर्षांहून अधिक काळ आपण कृदन्तांचे वर्गीकरण करीत आहोत. त्यांना कामाला लावलेले नाही.

पुढचा अडथळा ‘स्लीप’. हे बटण झोपेसाठी आहे असे कोणालाही वाटेल. वास्तविक त्याने रेडिओ सुरू होतो आणि ठरावीक वेळाने, या यंत्रात एकोणसाठ मिनिटांनी, आपण होऊन बंद पडतो. ऐकता ऐकता झोप लागणाऱ्यांची सोय. भाषांतरकाराच्या हाती ते गेले तर तो ‘निद्रा’ लिहून मोकळा होईल. मी ‘आपोआप बंद’ लिहिले. ‘स्नूझ’ सोपे निघाले, कारण त्याला मराठीत ‘डुलकी’ आहे आणि नऊ मिनिटांनी पुन्हा उठवणारी डुलकी ही कल्पना अण्णांना फारच आवडली. ‘अलार्म’ला तर आपल्याकडे ‘गजर’ आहे, जो वारकऱ्याचाही आहे आणि घड्याळाचाही. असे घरचे शब्द हाताशी असताना आपल्या नव्या उपकरणांची जी थोडीफार मराठी पत्रके कधीमधी हाती येतात त्यांत ‘सूचनाध्वनी सक्रिय करावा’ असल्या धाटणीची वाक्ये का असतात, याचा विचार कोणी करावा? निदान मराठी विभागांनी तरी.

मग तो ठिपका. आकड्यांच्या डाव्या कोपऱ्यात एक लाल ठिपका पेटला की दुपारी बारानंतरची वेळ. गजर लावताना तो पेटलेला राहिला तर रेडिओ संध्याकाळी सहाला वाजणार. याखेरीज ज्यावर माहितीपत्रकाने अक्षरही खर्च केलेले नव्हते अशी एक गोष्ट: गजरासाठी रेडिओ निवडला असेल तर आवाजाची खुंटी रात्रीच वाढवून ठेवावी लागते. नाहीतर यंत्र ठरल्या क्षणी इमानाने सुरू होते आणि मुक्याने वाजत राहते. वीज गेली तर आतील चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी वेळ सांभाळते, पण आकडे दिसत नाहीत. बॅटरी नसेल तर वीज आल्यावर बारा वाजल्याचे आकडे लुकलुकत राहतात. भारनियमनाच्या वर्षांत कितीतरी घरांत ते लुकलुकणारे बारा आपण पाहिलेले आहेत, आणि ‘बिघडलंय’ म्हणून सोडून दिलेले आहेत. ते बिघडलेले नव्हते. मला वेळ सांगा, असे म्हणत होते.

आता आपल्या विषयाकडे, म्हणजे आपल्या विभागांकडे. ‘उपयोजित मराठी’ नावाची एक अभ्यासपत्रिका आपण अनेक ठिकाणी शिकवतो. तीत अर्जलेखन असते, वृत्तलेखन असते, जाहिरातलेखन असते, नभोवाणीसाठी भाषणाची संहिताही असते. ज्याला ती संहिता ऐकायची आहे त्याने रेडिओ कसा लावावा, हे मात्र नसते. ही अभ्यासपत्रिका कोणाकडे द्यायची, यावर विभागाच्या बैठकीत काय होते हे आपण जाणतो: समीक्षा ज्येष्ठांकडे, मध्ययुगीन साहित्य त्यांच्या खालोखाल, आणि उपयोजित मराठी तासिका तत्त्वावर नुकत्याच आलेल्या मुलाकडे. ते शिकवणे म्हणजे शिक्षा. मी स्वतः ती शिक्षा टाळण्यासाठी एकदा प्रकृतीचे कारण सांगितलेले आहे.

यावर एक उत्तर ठरलेले असते: “पण हे साहित्य नव्हे.” नसेल. परंतु चिपळूणजवळच्या छावणीतील अंमलदारांना शिवाजी महाराजांच्या काळी गेलेले पत्र आपण मराठी गद्याचा आदर्श म्हणून शिकवतोच ना? काय आहे त्या पत्रात? पावसाळाभर वैरण कशी पुरवावी, शेतकऱ्याच्या काडीलाही हात का लावू नये, रात्री दिवा जळता का ठेवू नये; तर उंदीर जळती वात पळवील आणि गवताच्या गंजीला आग लागेल. ते सूचनापत्रक आहे. त्याचे सामर्थ्य इतकेच की प्रत्येक आज्ञेच्या पाठीमागे तिचे कारण उभे आहे आणि ते कारण डोळ्यांना दिसते. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने (१९७०) वाटी-चमच्याच्या मापांत स्वयंपाक सांगितला आणि पिढ्यान् पिढ्या त्या वाक्यांवर हुकूम जेवल्या. त्या गद्याची शैलीमीमांसा करणारा प्रबंध विभागात मांडला तर मार्गदर्शक आधी हसेल. ज्या कादंबऱ्यांवर प्रबंध होतात त्यांतील किती वाक्ये चुकल्यामुळे कोणाचे काही करपले?

दुसरे उत्तर अधिक चतुर असते. आता यंत्रांवर चित्रे असतात, शब्द लागतातच कोठे? शिवाय गजर मोबाईलवरच लावतात. ठीक आहे. चंद्रकोरीचे चित्र असलेले बटण म्हणजे झोपेचे, रात्रीच्या वेळेचे, की मंद प्रकाशाचे, हे मला पाचही विद्यार्थ्यांनी वेगवेगळे सांगितले आहे. आणि मोबाईलची सूचना चुकली तर डुलकी लांबेल. पण साखर मोजण्याच्या यंत्राची, इन्सुलिनच्या पेनाची, रक्तदाबाच्या पट्ट्याची सूचना चुकली तर? तिथेही ‘दाबून’ आहेच. तिथेही म्हातारी माणसे म्हणतच आहेत, मलाच जमत नसेल.

तिसरे उत्तर, इंग्रजी सगळ्यांनाच कळते, हे खोडण्याजोगेही नाही. अण्णांना इंग्रजी उत्तम कळते. त्यांना कळले नाही ते वाक्य. आणि दोष त्यांनी स्वतःच्या वयाला दिला.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंद मलाही झाला. विभागात पेढे वाटण्यात मी पुढे होतो. तेव्हापासून शिलालेख, ताम्रपट आणि गाथासप्तशती यांच्यावर जी व्याख्याने झाली त्यांतील काही मी ऐकली, एक दिले. भाषा दोन हजार वर्षे जुनी आहे हे सिद्ध करण्यात आपली बुद्धी किती तल्लख चालते! तीच बुद्धी काल विकत आणलेल्या वस्तूसमोर मुकी का होते? वस्तूंचे कारखानदार मराठी पत्रक देत नाहीत, ही तक्रार रास्त आहे, पण उद्या एखाद्याने द्यायचे ठरवले आणि लिहिणारी माणसे मागितली तर आपण कोणाला पाठवणार आहोत? रूपबंध आणि संरचना यांवर पंधरा गुणांचे उत्तर लिहिणाऱ्याला?

मी आमच्या अभ्यासमंडळापुढे एक साधी सूचना मांडली होती. पदव्युत्तर प्रथम वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील एका यंत्राचे माहितीपत्रक मराठीत लिहावे, आणि परीक्षा शिक्षकाने घेऊ नये; ज्याने ते यंत्र कधी हाताळलेले नाही अशा माणसाने ते वाचून यंत्र चालवावे. चालले तर उत्तीर्ण. “मग गुणदान कसे करणार?” असे विचारले गेले, आणि चहा आला.

अण्णांच्या उशाशी ते पान अजून आहे, घड्याळाच्या खाली, प्लास्टिकच्या पाकिटात. मजकूर माझा असला तरी त्यावर तांबड्या पेन्सिलीच्या खुणा त्यांच्या आहेत. पहिल्या वाक्यातील ‘दाबून’ खोडून त्यांनी वर लिहिले आहे, ‘एका बोटाने दाबलेलेच ठेवून’. ‘ध्वनी’ खोडून ‘आवाज’. आणि सर्वांत खाली, स्वतःच्या वळणदार अक्षरात, मी विसरलेली सूचना: ‘झोपण्यापूर्वी आवाजाची खुंटी पाहावी, म्हणजे सकाळी आपण ऐकू येत नाही म्हणून घाबरत नाही.’