परीक्षा लेकराची, धीर आईबापाचा

फेब्रुवारी-मार्च आला की शिरूर-चौफुला रस्त्यावरच्या न्हावऱ्यासारख्या गावात दोन कामे एकदमच अंगावर येतात. शिवारात ज्वारीची काढणी, कांदा आणि ऊसतोड. घरात दहावीच्या लेकराची बोर्डाची परीक्षा. आईवडील उजाडताच कामाला जातात. संध्याकाळी थकून आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न असतो, "झाला का अभ्यास?" प्रश्न काळजीपोटीच असतो, पण लेकराच्या पोटात गोळा येतो.

पुष्कळ माता म्हणतात, "आम्ही काय शिकवणार? आम्हाला कुठं लिहितावाचता येतं?" भगिनींनो, धडे शिकवायला शिक्षक आहेत. घराने करायचे काम वेगळे आहे. अभ्यासाला निवांत वेळ, पुरेशी झोप आणि धीराचा शब्द. या तीन गोष्टी द्यायला अक्षरओळख लागत नाही.

सुभेदार रामजींचे उदाहरण आठवा. मुंबईत परळच्या चाळीत त्यांच्या कुटुंबाला एकच खोली होती. जागा वाढवणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी वेळ वाटून घेतली. भीमरावांना ते लवकर निजवत आणि स्वतः रात्री दोनपर्यंत जागत. मग मुलाला उठवून त्याच्या जागी आपण झोपत. घर शांत असताना दिव्याच्या उजेडात भीमरावांचा अभ्यास होई. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. त्या आकड्याने त्यांची वाट अडली नाही. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले.

यावरून आपल्या मुलांना रात्री दोनला उठवायचे, असे मात्र नाही. आधी झोप आणि मग अभ्यास, हा क्रम ध्यानात घ्यावा. वाचलेले मनात पक्के बसते ते झोपेतच. पेपरच्या आदल्या रात्री जागरण केले, तर येत असलेलेही ऐनवेळी आठवत नाही. दोन खोल्यांच्या घरात टीव्ही आणि मोबाईलचा आवाज तासदोन तास बंद ठेवला, तरी मोठी मदत होते.

परीक्षा केंद्र दुसऱ्या गावी असेल तर आधी एकदा मुलाला नेऊन दाखवावे. एस.टी. किती वाजता सुटते, ती चुकली तर दुसरी सोय काय, हे ठरवून ठेवावे. हॉल तिकीट, दोन पेन, कंपास, पाण्याची बाटली रात्रीच पिशवीत भरावी. सकाळी रोजचेच साधे खाणे द्यावे. उपाशी पाठवू नये.

पेपर हातात पडला की काहींची छाती धडधडते. अशा वेळी आनापानाची सवय उपयोगी पडते. डोळे मिटून नाकातून येणारा-जाणारा श्वास नुसता पाहायचा. रोखायचा नाही, ओढायचा नाही. मात्र ही सवय आधीपासून, रोज दहा मिनिटे बसून लावावी लागते. मन स्थिरावले की येणारा प्रश्न आधी सोडवायला घ्यावा.

निकालाबद्दल परीक्षेआधीच बोलून ठेवा. "एखादा विषय राहिला तरी त्याच वर्षी पुरवणी परीक्षा असते. घर तुझंच आहे," असे स्पष्ट सांगा. "आमच्या कष्टाचं चीज कर," हे वाक्य त्या महिन्यापुरते तरी गिळून टाका. शेजारच्या मुलाशी तुलना तर नकोच.

लेकराचे जेवण तुटले, झोप उडाली, किंवा "माझं जगून काय उपयोग" असे ते बोलू लागले, तर ते नाटक समजू नका. रागावू नका आणि त्याला एकटे सोडू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते. पेपर पुन्हा देता येतो. लेकरू पुन्हा मिळत नाही.

आणि पेपर देऊन आलेल्या मुलाला दारातच प्रश्न विचारू नका. आधी पाणी द्या, जेवायला वाढा. पेपर कसा गेला, ते जेवताजेवता तेच सांगेल.