हप्ता तोच, तारीख पुढे

रविवारी दुपारी दोनच्या सुमाराला भाच्याचा फोन येतो. रेडिंगला तेव्हा सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. एरवी विषय ठरलेले असतात: भाजणी संपली, गुडघे कसे आहेत, तिकडे पाऊस, इकडे पाणी गेलंय. या वेळी मात्र त्याने ‘कशी आहेस’ही विचारलं नाही. म्हणाला, “आत्या, तू गणित शिकवायचीस ना? मग सांग. दोन वर्षं की पाच?”

मला आधी वाटलं, मुक्काम किती वाढवायचा ते विचारतोय. मग उलगडा झाला. त्याने 2021 च्या मे महिन्यात तिथे घर घेतलं. कर्ज 2 लाख 80 हजार पौंड, फेड तीस वर्षांत, आणि पहिली पाच वर्षं व्याज 1.6 टक्क्यांना बांधलेलं. होय, एक पूर्णांक सहा. आपल्याकडे बचत खात्यावरसुद्धा याहून जास्त मिळतं. ती पाच वर्षं आता मे महिन्यात संपतायत. हप्ता होता 980 पौंड. आता बँक म्हणते 4.2 टक्के. शिल्लक 2 लाख 42 हजारांवर, उरलेल्या पंचवीस वर्षांसाठी हप्ता बसतो 1,305 पौंड. घर तेच, नोकरी तीच, महिन्याला सव्वातीनशे पौंड जादा.

ब्रिटनची पद्धतच अशी. पंचवीस-तीस वर्षांचं कर्ज काढायचं, पण व्याज दोन, तीन, पाच, क्वचित दहा वर्षांसाठी बांधून घ्यायचं. मुदत संपली की पुन्हा बाजारात उभं राहायचं. काहीच हालचाल केली नाही तर बँक तिच्या मर्जीतल्या, भलत्याच चढ्या दरावर नेऊन ठेवते. थोडक्यात, भाडेकराराचं नूतनीकरण जसं तसं कर्जाचं. फरक इतकाच की घरमालक आपणच.

भाच्याची पंचाईत अशी की दोन वर्षांचा दर 3.95 आहे आणि पाचचा 4.2. ऑफिसातले सगळे सांगतात, “दर उतरतायत, दोन घे, मग स्वस्तात पुन्हा बांध.” उतरतायत हे खरं. बँक ऑफ इंग्लंडचा दर डिसेंबर 2021 मध्ये 0.1 टक्का होता. तिथून सलग चौदा वेळा वाढत ऑगस्ट 2023 मध्ये तो 5.25 वर गेला. ऑगस्ट 2024 पासून उतरायला लागला आणि गेल्या डिसेंबरात 3.75 वर आला. उताराची रेघ डोळ्यांना दिसते. शाळेतल्या मुलाच्या हातात पट्टी दिली तर तो ती रेघ तशीच पुढे ओढेल.

मी मुलांना तेच करू नका म्हणून सांगायचे. तीन बिंदूंवरून चौथा काढता येतो, पण तो बरोबर असेलच असं नाही.

आणि हे खुद्द तिथल्या जाणत्यांनाही जमत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये बँक ऑफ इंग्लंडच्या नऊ जणांच्या समितीत दर ठरेना. चौघे पाव टक्का कमी करा म्हणाले, चौघे तसाच ठेवा म्हणाले, एकाला अर्धा टक्का कमी हवा होता. समितीच्या इतिहासात पहिल्यांदाच दुसऱ्यांदा मतदान घ्यावं लागलं आणि पाच विरुद्ध चार अशी पाव टक्क्याची कपात झाली. ज्यांचा हा धंदा आहे त्या नऊ जणांचं त्या दिवसाच्या दरावर एकमत नाही, आणि ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये 2028 चा दर सांगितला जातो.

पुन्हा त्यात एक खोच आहे. बँका पुढच्या दोन-पाच वर्षांचे दर मनाने ठरवत नाहीत. पुढच्या काळातल्या व्याजाचा बाजारात सौदा चालतो, त्यावरून ठरवतात. म्हणजे ‘दर उतरणार’ ही बातमी आज मिळणाऱ्या दरात आधीच मुरलेली असते, लोणच्यात मीठ मुरतं तशी. दोन वर्षांचा पर्याय घेऊन फायदा व्हायचा तर दर नुसते उतरून भागत नाही, बाजाराने धरलंय त्याहून जास्त उतरावे लागतात.

मग वही काढली. फोन स्पीकरवर ठेवला. पाव टक्क्याच्या फरकाने दोन वर्षांत व्याज वाचतं साधारण 1,200 पौंड. दोन वर्षांनी पुन्हा नवा करार, त्याची फी त्याच्या बँकेत 999 पौंड. हातात राहिले दोनशे. एवढ्यासाठी 2028 साली पुन्हा हीच धाकधूक. “दोनशे पौंडांत तुम्ही दोघं एकदा बाहेर जेवून याल,” मी म्हटलं. “तेवढ्यात होत नाही गं,” तो म्हणाला. तिकडची महागाई हा वेगळाच विषय.

दुसऱ्या बाजूलाही काटे आहेत, हे सांगायला हवं. पाच वर्षं बांधून घेतलं आणि मध्येच कर्ज फेडायचं ठरवलं तर पहिल्या वर्षी पाच टक्के, मग चार, मग तीन, असा उतरता दंड असतो. वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत जास्तीचे भरायची सहसा मुभा असते, त्यापुढे दंड. घर बदललं तर कर्ज नव्या घरावर नेता येतं, पण बँक सगळी चौकशी पहिल्यापासून करते. तेव्हा दोन वर्षांत नोकरी बदलून मँचेस्टरला जायचं ज्याच्या डोक्यात आहे, त्याने पाचच्या नादी लागू नये.

हे सगळं बोलताना माझ्या मनात मात्र आमचं डोंबिवलीचं घर होतं.

आम्ही 2004 मध्ये वन बीएचके घेतला. कर्ज सहा लाख, पंधरा वर्षं, व्याज साडेसात टक्के, फ्लोटिंग. हप्ता 5,562 रुपये. तो आकडा मला अजून पाठ आहे, कारण वर्षानुवर्षं तो बदललाच नाही. दर वाढल्याच्या बातम्या पेपरात यायच्या आणि आम्ही म्हणायचो, आपला हप्ता काही वाढला नाही बुवा, बरं झालं. कोणत्या संस्थेचं कर्ज ते सांगत नाही, त्या काळी सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच चाललं होतं. 2008 मध्ये ह्यांनी आयकरासाठी पत्रक मागवलं. व्याज अकरा टक्के झालं होतं. चार वर्षं एकही हप्ता न चुकवता भरून मुद्दल कमी झालं होतं जेमतेम 66 हजार. आणि शेवटच्या हप्त्याची तारीख 2019 वरून सरकून 2027 वर गेली होती. हे 2017 ला निवृत्त होणार होते.

आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. कळवलंही नव्हतं, किंवा कळवलं असेल तर असं की कळू नये. त्या दिवशी स्वयंपाक झाला नाही, खालच्या पोळीभाजी केंद्रातून डबा आणला एवढं आठवतं. मग हप्ता वाढवून घेतला, पोस्टातली सर्टिफिकेटं पिकतील तशी त्यात ओतली आणि 2016 मध्ये सुटलो.

आपल्याकडे ‘फिक्स्ड की फ्लोटिंग’ यावर लग्नाच्या पंगतीत वाद होतात. पण गृहकर्जं बहुतेक सगळी फ्लोटिंगच. वीस वर्षं एकाच दराने कर्ज देणारे विरळा, आणि जे ‘फिक्स्ड’ म्हणून मिळतं ते पुष्कळदा दोन-तीन वर्षांपुरतं, पुढे पुन्हा फ्लोटिंग. बँकांचंही एक बरोबर आहे. आपल्या ठेवी दोन-तीन वर्षांच्या, त्या पैशावर वीस वर्षांचा शब्द त्या कशा देणार? अमेरिकेत तीस वर्षं एकच दर मिळतो, कारण कर्ज दिल्यावर बँक ते पुढे विकून मोकळी होते. तिथेही गंमत आहे. 2021 च्या सुरुवातीला तीन टक्क्यांच्या आत कर्ज मिळालेले लोक, ऑक्टोबर 2023 मध्ये दर पावणेआठच्या घरात गेल्यावर, घर लहान पडलं तरी हलेनात. स्वस्त कर्ज सोडवत नाही म्हणून.

आपल्याकडे घरात जे स्थिर दिसतं तो असतो हप्ता. दर हलला की मुदत हलते, आणि ती कुणाला दिसत नाही. 4 मे 2022 आठवा. एलआयसीचा आयपीओ उघडला तो दिवस. रिझर्व्ह बँकेने ठरलेल्या बैठकीची वाट न पाहता रेपो दर 4 वरून 4.40 केला आणि फेब्रुवारी 2023 पर्यंत तो 6.50 वर नेला. नऊ महिन्यांत अडीच टक्के. ऑक्टोबर 2019 नंतर दिलेली बँकांची फ्लोटिंग गृहकर्जं बाहेरच्या दराला, बहुतेक ठिकाणी रेपोलाच, जोडलेली. त्यामुळे ही वाढ जशीच्या तशी खाली आली. सात टक्क्यांनी तीस लाखांचं पंधरा वर्षांचं कर्ज घेतलेल्याचा हप्ता 26,965. दर साडेनऊ झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर 180 महिन्यांचे होतात 270. साडेसात वर्षं वाढली, आणि पगारातून कापली जाणारी रक्कम एका रुपयाने बदललेली नाही.

याहून वाईट वीस वर्षांवाल्यांचं. पन्नास लाखांना सात टक्क्यांनी हप्ता 38,765. साडेनऊने त्याच पन्नास लाखांचं महिन्याचं नुसतं व्याज 39,583. हप्ता भरूनही कर्ज वाढत जातं. ही मांडणी दहावीच्या वर्गात फळ्यावर केली असती तर मागच्या बाकावरून आवाज आला असता, “बाई, काहीतरी चुकतंय.”

चुकत नव्हतं. म्हणून तर 18 ऑगस्ट 2023 रोजी रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढावं लागलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदाराला विचारा. हप्त्यात निदान त्या महिन्याचं व्याज तरी भागलं पाहिजे हे पाहा. आणि फिक्स्ड दरावर जायचा पर्यायही द्या. यातला शेवटचा भाग ऑक्टोबर 2025 पासून ढिला झाला. फिक्स्डचा पर्याय द्यायचा की नाही ते आता बँकेच्या मर्जीवर आहे. मला ते पटलेलं नाही. दिला तरी दर असा चढा असतो की फारसं कुणी घेत नाही, हे मान्य. पण विचारायचं बंधन असणं आणि नसणं यात फरक आहे.

भाच्याच्या देशात निदान दर दोन-पाच वर्षांनी माणसाला समोर बसवून आकडा दाखवतात. 980 चे 1,305 झाले की पोटात गोळा येतो, पण तो त्याच महिन्यात येतो. आमच्या पोटात तो चार वर्षांनी आला.

फोनवर मी शेवटी त्याला दरांबद्दल विचारणंच सोडून दिलं. म्हटलं, पुढची पाच वर्षं घरात काय काय आहे ते सांग. सुनेला ऑगस्टमध्ये बाळ होणार आहे. तिची रजा, त्या काळात पगार तुटपुंजा. मग पाळणाघर. तिथे काम करणाऱ्या आईबापांच्या मुलांना नऊ महिन्यांपासून आठवड्याला तीस तासांची सरकारी मदत गेल्या सप्टेंबरपासून मिळते, तरी ती वर्षाचे अडतीसच आठवडे. शाळा सुरू होईल चार पूर्ण झाल्यावर, म्हणजे 2030 च्या सप्टेंबरात. तोवर ओढाताण. घर बदलायचं नाही, नोकरी बरी चालली आहे. ओढाताणीची वर्षं साडेचार, बांधून घ्यायची वर्षं पाच. “मग पाचच घे,” मी म्हटलं. “2028 मध्ये दर तीन टक्के झाले तर मला शिव्या घाल. पण ते सहा झाले तर त्या घरात काय होईल याचा विचार कर. सप्टेंबर 2022 मध्ये एका अर्थसंकल्पी घोषणेनंतर महिन्याभरात सरासरी दर सहाच्या वर गेले होते, तू तिथेच होतास.” त्यातही एक सवलत त्याच्या कामी आली. त्याच्या बँकेत नवा दर आधी पकडून ठेवता येतो आणि मेपर्यंत त्याहून कमी निघाला तर बदलता येतो. त्याने 4.2 पकडून ठेवला आहे.

इथल्या वाचकांना मात्र दोन की पाच असं कुणी विचारणार नाही. 2025 मध्ये रेपो 6.50 वरून 5.25 वर आला, त्यामुळे सध्या मुदत कमी होत असेल, झाली पाहिजे. ती खरंच झाली का ते पाहा. दर तिमाहीला तुमच्या बँकेने पत्रक द्यायला हवं, आणि त्यात आजवर फिटलेलं मुद्दल, व्याज, हप्ता आणि उरलेले हप्ते एवढं असायलाच हवं. मोबाइलच्या ॲपवर कुठेतरी खोल दडलेलं असतं, मुलांना शोधायला लावा. उरलेल्या हप्त्यांना बारांनी भागा, आलेली वर्षं तुमच्या वयात मिळवा. बेरीज निवृत्तीच्या वयापलीकडे जात असेल तर याच आठवड्यात शाखेत जा आणि हप्ता वाढवून मागा. फ्लोटिंग कर्जावर जास्तीचे पैसे भरायला दंड नाही.