भंगारात जाण्याआधी एकदा पाहावे : राज्यातील आद्य संगणक व ते घडवणाऱ्यांच्या इतिहासाच्या जतनाबाबत निवेदन

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सांस्कृतिक कार्य तथा माहिती तंत्रज्ञान,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

विषय : राज्यातील जुनी गणनयंत्रे, संगणक, त्यांचे आराखडे व कागदपत्रे यांचे निर्लेखनापूर्वी परीक्षण करणे आणि संगणकक्षेत्रातील आद्य पिढीच्या आठवणी नोंदवून ठेवणे याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे पंचकार्डाच्या काळापासून संगणकावर काम केलेले निवृत्त कर्मचारी, अभियंते, विज्ञानशिक्षक आणि जुनी यंत्रे जपणारे नागरिक आहोत. एका साध्या पण घाईच्या कामासाठी आम्ही आपल्याकडे आलो आहोत.

भारताच्या संगणक-इतिहासाचे एक महत्त्वाचे पान मुंबईत लिहिले गेले. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने १९५० च्या दशकाच्या मध्यात इंग्लंडहून संगणक आणला. त्याच सुमारास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगास्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांचा एक गट स्वतःच संगणक बांधायला बसला होता. १९५६ मध्ये त्यांचे प्रायोगिक यंत्र चालू झाले. पूर्ण यंत्र फेब्रुवारी १९६० मध्ये कार्यान्वित झाले. पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोध असलेले हे यंत्र अठरा फूट लांब आणि आठ फूट उंच पोलादी सांगाड्यात उभे होते. १९६४ मध्ये संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा आयात संगणक आला आणि पुढच्या वर्षापर्यंत टिफ्रॅकचे काम थांबले.

टिफ्रॅकच्या स्मृतीचा एक तुकडा हातात घेतला, तर त्या काळाची कारागिरी कळते. फेराइट नावाच्या चुंबकीय पदार्थाची कडी, मंगळसूत्रातल्या काळ्या मण्यासारखी दिसणारी. अशा कड्यांमधून बारीक तारा आडव्या-उभ्या ओवलेल्या असतात. कडीचे चुंबकत्व एका दिशेने असेल तर शून्य, उलट दिशेने असेल तर एक. एका कडीत एवढेच मावते. टिफ्रॅकची स्मृती प्रत्येकी ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची होती, म्हणजे ८१,९२० बिटांची. आजच्या हिशेबात जेमतेम दहा किलोबाइट. सणाच्या सकाळी मोबाइलवर येणारे शुभेच्छांचे एक चित्रही त्यात मावणार नाही. मात्र असा तुकडा पाहिलेल्या विद्यार्थ्याला ‘मेमरी’ म्हणजे काय, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

हा इतिहास एका यंत्रापाशी थांबत नाही. हवा तसा महासंगणक अमेरिकेकडून मिळेना, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञानही पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले आणि साध्या संगणकाच्या पडद्यावर देवनागरी उमटू लागली. संगणकाला झालेला विरोधही याच इतिहासात येतो. नोकऱ्या जातील या भीतीने विमा कर्मचाऱ्यांनी १९६० च्या दशकात आंदोलने केली. पुढे स्वयंचलनाच्या प्रश्नावर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर होते. त्या वेळच्या संघटनांची पत्रके, चर्चांची टिपणे आणि पंच ऑपरेटर म्हणून लागलेल्या मुलींची नेमणूकपत्रे यांचे मोल यंत्रांइतकेच आहे.

या वारशाला कायद्याचे छत्र मात्र नाही. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार वस्तू साधारणपणे शंभर वर्षे जुनी असावी लागते. वैज्ञानिक वा ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखितांना व अभिलेखांना ही अट पंचाहत्तर वर्षांची आहे. म्हणजे १९६० च्या यंत्राला २०६० साल उजाडेपर्यंत वाट पाहावी लागेल. दुसरीकडे, कार्यालयातला संगणक काही वर्षांतच जडवस्तू संग्रह नोंदवहीत ‘निरुपयोगी’ ठरतो, निर्लेखनाच्या यादीत जातो आणि लिलावात निघतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचरा (व्यवस्थापन) नियम आवश्यकच आहेत, त्याबद्दल आमची तक्रार नाही. शिसे आणि पारा नाल्यात जाता कामा नये. पण कचरा कोणता आणि ठेवा कोणता, हे ठरवणारी एकही पायरी आज या वाटेवर नाही. यंत्राला कायद्याची शंभर वर्षे भरायची असतात आणि भंगाराची गाडी दहाव्या वर्षी दारात उभी असते.

हे आमच्या डोळ्यांसमोर घडले आहे. एका महाविद्यालयाच्या संख्याशास्त्र विभागातली हाताने फिरवायची गणनयंत्रे एका उन्हाळ्याच्या सुट्टीत तराजूवर चढली. पावतीवर लिहिले होते : ‘लोखंड, मिश्र’. आमच्या एका सहकाऱ्याने त्यातले एक यंत्र भंगारवाल्याला वजनाचे पैसे देऊन घरी आणले. त्याचे हँडल आजही फिरते. भागाकार करताना भाजक पुन्हा पुन्हा वजा करत जायचे. बाकी शून्याखाली घसरली की आत घंटा वाजते, मग एक फेरा उलटा फिरवायचा आणि यंत्राचा सरकता भाग एक घर पुढे न्यायचा. एका अख्ख्या पिढीने अशा घंटेच्या आवाजावर सांख्यिकीचे प्रात्यक्षिक केले. त्या विभागातील उरलेली यंत्रे वितळली असणार.

यंत्रांपेक्षा माणसे लवकर जातात. रंगास्वामी नरसिंहन २००७ मध्ये गेले. मुंबईत संगणकसेवा उद्योगाची पायाभरणी करणारे फकीरचंद कोहली २०२० मध्ये गेले. त्यांच्याबद्दल निदान छापील मजकूर तरी आहे. पण रात्रपाळीत व्हॉल्व्ह बदलणारा तंत्रज्ञ, तारा ओवणारे हात, कार्डे भोकणाऱ्या मुली यांच्याविषयी कोणी लिहिले? पंचकार्डांचा गठ्ठा हातातून निसटून विखुरला तर क्रम परत लावता यावा, म्हणून गठ्ठ्याच्या कडेवर पेनाने एक तिरकी रेघ ओढून ठेवत. रेघ जुळली की क्रम जुळला. अशी युक्ती पुस्तिकेत सापडत नाही, ती माणसाला विचारावी लागते. आणि ज्यांना विचारायचे, ती माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत.

इतर देशांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. ऑस्ट्रेलियाचा ‘सिसिरॅक’ १९४९ मध्ये प्रथम चालला आणि १९६४ मध्ये, टिफ्रॅकच्या अखेरच्या काळातच, बंद झाला. बंद होताच तो संग्रहालयाकडे सोपवण्यात आला, म्हणून आज मेलबर्नमध्ये तो जवळपास जसाच्या तसा पाहता येतो. केंब्रिजच्या ‘एडसॅक’चे नशीब वेगळे होते. १९५८ मध्ये तो मोडीत निघाला. पुढे ब्लेचली पार्कमध्ये त्याची प्रतिकृती उभारताना जुन्या छायाचित्रांवरून अंदाज बांधत काम चालले होते. २०१४ मध्ये मूळ आराखड्यांचा एक संच एका निवृत्त तंत्रज्ञाकडे निघाला. १९५९ च्या सुमारास प्रयोगशाळेच्या बोळात फेकण्यासाठी रचलेल्या ढिगातून त्याने तो उचलला होता. एका माणसाला फेकवेना, एवढ्यावर तो कागद वाचला. आमचा वारसा अशा योगायोगावर सोडू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

म्हणून आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

१. राज्य शासनाची कार्यालये, महामंडळे, विद्यापीठे व अनुदानित महाविद्यालये यांनी १९९५ पूर्वीचे कोणतेही गणनयंत्र, संगणक वा त्याचा सुटा भाग निर्लेखित करण्यापूर्वी त्याचे छायाचित्र, बनावट, अनुक्रमांक व वापराची माहिती असलेले एकपानी प्रपत्र भरावे आणि तीस दिवस वाट पाहावी. त्या मुदतीत कोणत्याही संग्रहालयाने वा शैक्षणिक संस्थेने मागणी न केल्यास पुढील कार्यवाही नियमानुसार व्हावी. यासाठी शासन निर्णय काढावा.

२. तंत्रनिकेतने, अभियांत्रिकी महाविद्यालये व संख्याशास्त्र विभाग यांच्या भांडारगृहांची एकदाच पाहणी करून राज्याची नोंदसूची तयार करावी व ती मराठीत सर्वांसाठी खुली ठेवावी.

३. पहिल्या पिढीतील अभियंते, तंत्रज्ञ, पंच ऑपरेटर, संगणक शिक्षक व कामगार संघटनांचे कार्यकर्ते यांच्या आठवणी त्यांच्याच भाषेत ध्वनिमुद्रित कराव्यात. विद्यापीठांच्या इतिहास व संगणकशास्त्र विभागांना हे काम विद्यार्थी प्रकल्प म्हणून देता येईल. वयाने सर्वांत ज्येष्ठ असलेल्यांपासून सुरुवात व्हावी.

४. टाटा मूलभूत संशोधन संस्था व सी-डॅक या केंद्राच्या अखत्यारीतील संस्थांशी शासनाने अधिकृत पत्रव्यवहार करावा. टिफ्रॅक व परम मालिकेचे उपलब्ध भाग, आराखडे आणि छायाचित्रे यांची सूची जनतेला पाहता यावी आणि राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेच्या सहकार्याने वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात भारतीय संगणकाचे कायमस्वरूपी दालन व्हावे.

५. केंद्राच्या सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ च्या व्याख्येत संगणकाने निर्माण केलेले साहित्यही येते. त्याच भावनेने राज्याच्या पुराभिलेख संचालनालयात जुन्या टेप, फ्लॉपी आणि युनिकोडपूर्व मराठी फाँटमधील फायली वाचून त्या युनिकोडमध्ये आणण्याचा कक्ष सुरू करावा. त्या काळची परिपत्रके आजच्या संगणकावर उघडली, की मराठीऐवजी चिन्हांचा काला दिसतो. जुन्या टेप व फ्लॉपी वाचू शकणारी यंत्रे चालू आहेत तोवरच हे काम होईल.

६. घरोघरी पडून असलेल्या पुस्तिका, कार्डे, यंत्रे दान करू इच्छिणाऱ्या नागरिकांसाठी मुंबई व पुणे येथे प्रत्येकी एक स्वीकृती केंद्र असावे व दात्यास रीतसर पोच मिळावी.

७. वरील कामांवर देखरेखीसाठी अभियंते, इतिहासकार, पुराभिलेखतज्ज्ञ व निवृत्त कर्मचारी यांची समिती नेमावी व तिने सहा महिन्यांत पहिला अहवाल सादर करावा.

आम्ही नवी इमारत, पुतळा किंवा महोत्सव मागत नाही. मागण्यांपैकी पहिलीला एक प्रपत्र व तीस दिवसांची सबुरी लागते, तिसरीला एक ध्वनिमुद्रक आणि ऐकून घेणारा माणूस. समितीला लागेल ते साहाय्य आम्ही विनामोबदला करू. जुनी यंत्रे ओळखणे, ती सुरक्षितपणे उघडणे, पुस्तिका वाचून देणे ही कामे आमच्यापैकी अनेकांच्या अजूनही हातची आहेत.

या विषयावर चर्चेसाठी आमच्या शिष्टमंडळास वेळ द्यावा. आणि तोपर्यंत एक करावे : आपल्या दोन्ही विभागांची निर्लेखनाची पुढची यादी सहीसाठी येईल, तेव्हा तीत १९९५ पूर्वीचे काही आहे का, एवढे विचारावे. असेल तर ती वस्तू तीस दिवस जागेवरून हलू देऊ नये, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
संगणकक्षेत्रातील निवृत्त कर्मचारी, अभियंते, शिक्षक व संग्राहक नागरिक
मुंबई व पुणे
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीस्तव व योग्य कार्यवाहीसाठी :
१. मा. संचालक, पुराभिलेख संचालनालय, महाराष्ट्र राज्य, मुंबई
२. मा. महासंचालक, राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद, कोलकाता
३. मा. संचालक, टाटा मूलभूत संशोधन संस्था, मुंबई
४. मा. महासंचालक, सी-डॅक, पुणे