घर कोणाच्या हाती द्यावे?

जुने घर नवे करायचे ठरले की आपण डिझायनरकडची रंगीत चित्रे पाहतो. त्याला पाऊस कळतो का, हे विचारत नाही. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि नैर्ऋत्येचा वारा तो तिरका आणून भिंतीवर आपटतो. जांभ्याच्या भिंती आजवर राखल्या त्या पुढे आलेल्या छपराने आणि पडवीने. ‘दर्शनी भाग मोकळा करू’ म्हणत पडवीच काढायला निघालेल्या गृहस्थांना चहा पाजून निरोप द्यावा.

१९७२ च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेता येत नाही; ‘इंटिरिअर डिझायनर’ला मात्र तशी अट नाही. तेव्हा भिंत पाडायची किंवा कौले उतरवून स्लॅब घालायचा असेल, तर नोंदणी विचारायला संकोच कसला? (सोयरीक जुळवताना आपण सात पिढ्या विचारतो!)

त्याने केलेले एखादे घर दोन पावसाळे उलटल्यावर, तेही जुलैत, पाहून यावे. भिंतीला हात लावावा, कपाट उघडून वास घ्यावा. आणि यजमानांपेक्षा घरातल्या बाईंना विचारावे, की पावसात कपडे कुठे वाळत घालता?