खांबाआडची आई

2020 च्या 2 जूनला सकाळी, सिंगापुरात आमच्या ब्लॉकखालच्या बालवाडीच्या दारात, मी माझ्या पाच वर्षांच्या मुलाला चक्क फसवलं. कोविडच्या टाळेबंदीनंतर केवन-केटूची, म्हणजे बालवाडीच्या शेवटच्या दोन वर्गांची, मुलं त्या दिवशी परत येणार होती. जमिनीवर पावलांचे स्टिकर, एकेका पावलावर एकेक पोर, कपाळासमोर तापमापक. चिरंजिवांनी माझा कुर्ता मुठीत धरलेला. आत न्यायला आलेल्या टीचरकडे बघून म्हणाला, “ह्या टीचरला तोंड नाहीये.” मास्कच्या वरचे डोळे ओळखीचेच होते, पण त्याला काही खूण पटेना. मागे रांग खोळंबलेली. मी म्हटलं, “ते बघ, कचऱ्याची गाडी!” त्याची मान वळली, मूठ सैल झाली आणि मी व्हॉइड डेकच्या (ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेच्या) खांबाआड सटकले. आधी त्यानं दोनदा, अगदी हळू, “आई?” असं विचारलं. रडणं त्यानंतर सुरू झालं.

पुढचे पाच दिवस मी घरात आंघोळीला गेले तरी हा दाराबाहेर फतकल मारून. रात्री झोपेतसुद्धा कुर्त्याचं टोक हातात.

हा लेख त्या खांबाविरुद्ध आहे. आपल्यापैकी बरेच जण त्याच्या आड उभे राहिले आहेत, हे मला इथल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून कळलं. आणि त्यात कुणालाच काही गैर वाटत नाही, हेही.

माझ्या आईला तर मुळीच नाही. ती फेब्रुवारीत इथे आली होती, मार्चमध्ये विमानं बंद व्हायच्या आत साताऱ्याला परतली. व्हिडिओवर म्हणाली, “अगं, तुलाही मी अशीच सोडायचे. बाई तुला गोळी दाखवायच्या, मी मागच्या दारानं पसार. काही बिघडलं का तुझं?” बिघडलं नाही, खरंय. पण त्या बाई मला कडेवर घ्यायच्या, त्यांचा चेहरा पूर्ण दिसायचा आणि त्यांचं घर आमच्या आळीतच होतं. मुख्य म्हणजे त्याआधी सलग आठ आठवडे मी आईला डोळ्यांसमोर धरून ठेवलेलं नव्हतं. 7 एप्रिलला सर्किट ब्रेकर (इथली टाळेबंदी) लागला तेव्हापासून 2 जूनपर्यंत आमच्या मुलानं एकही दिवस आई-बाबांशिवाय काढला नव्हता. मी मीटिंगमध्ये असले तरी दाराच्या फटीतून दिसत होते. दिसतेय तोवर आई आहे, हा हिशोब त्यानं त्या आठ आठवड्यांत पक्का केला, आणि मी खांबाआड जाऊन तो खरा करून दाखवला. नजर हटली की आई गायब! मग त्यानं नजर हटवायचीच नाही असं ठरवलं, तर त्याचं काय चुकलं?

टीचरचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते मला पटलं. निरोप लांबवू नका, दारात मिठ्या-पाप्यांचं आख्यान लावलंत की मूल अधिक बिथरतं. बरोबर. निरोप छोटा हवा, पण तोंडावर सांगून घेतलेला हवा. आणि परत येण्याची वेळ घड्याळात सांगून उपयोग नाही, कारण साडेसहा म्हणजे काय ते त्याला कुठे कळतंय? इथे दिवसभराच्या केंद्रात जेवण, झोप, आंघोळ, खाऊ हे सगळं ठरलेल्या क्रमानं होतं. आम्ही तोच क्रम बोटांवर मोजायला लागलो: जेवण, झोप, आंघोळ, खाऊ आणि अंगठा म्हणजे आई. अंगठ्याची वेळ मात्र मग पाळावी लागते. एकदा मला पंचवीस मिनिटं उशीर झाला, तर दुसऱ्या दिवशी सगळी बोटं पहिल्यापासून.

आपल्याकडे घरातून निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. मी आयुष्यभर हे सवयीनं म्हणत आले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चिरंजीव म्हणाले, “तू येते म्हणतेस आणि जातेस.” मला हसू आलं, आणि ते घशातच राहिलं.

आता ग्रुपवरच्या दुसऱ्या चिंतेबद्दल. ‘मूल मागे पडलं.’ त्यातही केटूवाल्या घरांत धास्ती जास्त, कारण जानेवारीत प्रायमरी वन, म्हणजे पहिली. कुणी फोनिक्सचा झूम वर्ग लावला होता, कुणी वर्कबुकांचा गठ्ठा आणला होता. माझं मत विचाराल तर अक्षरं कुठे पळून जात नाहीत. आठ आठवड्यांत मोडली ती सवय वाट बघण्याची. घरी दोन मोठी माणसं आणि एक मूल; हाक मारली की उत्तर हजर, सगळे ठोकळे आपलेच. केवनमध्ये एका टीचरमागे 20 पर्यंत मुलं असू शकतात, केटूमध्ये 25. तिथे आपली पाळी येईपर्यंत गप्प बसावं लागतं, ठोकळा दुसऱ्याच्या हातात बघावा लागतो. शिवाय घासही आपल्या हातानं तोंडात घालावा लागतो. (वरणभात मीच भरवत होते, मीटिंगच्या आधी उरकावं म्हणून. कबूल.) यावर वर्कबुक काय करणार? आम्ही संध्याकाळी सापशिडी आणि भिकार-सावकार सुरू केलं आणि मुद्दाम हरणं बंद केलं. पहिल्या दिवशी पत्ते सोफ्याखाली गेले. चौथ्या दिवशी त्यानं स्वतः पिसले.

शाळा मुलापर्यंत नेणं तसं नवं नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं. पुढे शाळेत न येणाऱ्या मुलांसाठी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्यातूनच आला. एप्रिलमध्ये शाळा आपल्याही घरात आली, पण पडद्यावरून. ताराबाईंच्या अंगणात बाई येत, आणि आजूबाजूची पोरंही जमत. आपल्याकडे या दोन गोष्टी सोडून बाकी सगळं आलं.

म्हणून इथल्या मराठी मंडळाकडे एक मागणं होतं, थोडं गोड मानून घ्यावं असं. शनिवारचे मराठी वर्ग झूमवर घेण्यासाठी कार्यकर्ते किती खपत होते ते मी बघत होते. तरी केवन-केटूच्या मुलांना त्या सत्रापुरतं त्यातून वगळा, असं माझं म्हणणं होतं. आठवडाभर परक्या वाटणाऱ्या वर्गात कसंबसं तग धरलेल्या मुलाला शनिवारी पुन्हा पडद्यासमोर बसवून ‘क कमळाचा’ करायला लावण्यात मराठीचंही भलं नाही. 19 जूनपासून पाच जणांपर्यंत भेटायला मुभा मिळाली होती. जवळपासच्या ब्लॉकमधल्या दोन-तीन मुलांना एखाद्या मावशीला किंवा काकांना गवतावर घेऊन जाऊ द्यायचं. पकडापकडीत मराठी आपसूक झालं असतं. भांडणं तर हमखास मराठीतच होतात.

आणि ज्यांची ऑफिसं घरातूनच चालतात त्यांनी केंद्राला एवढं जरूर विचारावं, की पहिला आठवडा मुलाला जेवणापर्यंतच ठेवलं तर चालेल का. आम्ही विचारलं नाही. ज्या मैत्रिणीनं विचारलं तिला लगेच हो मिळालं.

आमच्याकडे सगळं लगेच सुरळीत झालं असं समजू नका. हरी राया हाजीची (बकरी ईदची) शुक्रवारची सुट्टी आणि शनिवार-रविवार असे तीन दिवस घरी काढून सोमवारी पुन्हा कुर्ता मुठीत होता. मी खांबाकडे बघितलं, खोटं कशाला बोलू. मग गुडघ्यावर बसून बोटं मोजली, “येते” म्हटलं आणि त्याच्या डोळ्यांदेखत निघाले. तो रडला, पण टीचरचा हात धरून. त्यापुढच्या सोमवारी नॅशनल डेची सुट्टी होती. मंगळवारी पंधरा मिनिटं लवकर निघायचं, असं आम्ही ठरवलं.