ऑइल प्रेशरचा आकडा बिलावर लिहून द्या

मा. सचिव,
ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार यांस,



आमचं अंतरवाली सराटी आपल्याला आंदोलनाच्या बातम्यांमुळे ठाऊक असेल. मी मात्र इथल्या डिझेल इंजिनांबद्दल लिहितोय. अंबड तालुक्यातला हा गोदाकाठचा पट्टा उसाचा. हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या दिवसरात्र चालतात, आणि ऐन हंगामात इंजिन बसलं की हप्ता, मजुरी, उधारी सगळं एकदम अंगावर येतं.

गेल्या हंगामात आमच्या पिकअपचा ऑइलचा लाल दिवा लागू लागला. इंजिन तापलं आणि रेस सोडली की हमखास. वर्कशॉपमध्ये लॅपटॉप जोडून सॉफ्टवेअर अपडेट केलं, दिवा गेला. बिलावर एवढंच लिहिलं, ‘अपडेट केले’. दाब आधी किती होता, नंतर किती झाला, काही नाही. गावातल्या मिस्त्रींना चैन पडेना. त्यांनी सेन्सर काढून त्या जागी काट्याचं गेज बसवलं, गाडी चांगली तापवली आणि रेस सोडली. काटा घसरत घसरत एक बारच्याही खूप खाली आला. मग त्यांनी डीपस्टिक उपसली, ऑइल बोटांत चोळलं, हुंगलं आणि माझ्या नाकाशी धरलं. डिझेलचा वास येत होता. पातळीही खुणेच्या वर चढलेली. इंजेक्टर गळत होता, ऑइल पातळ झालं होतं, आणि त्याच ऑइलवर बेअरिंग फिरत होती.

जुन्या गाड्यांत आणि बहुतेक ट्रॅक्टरांत ऑइल पंप क्रँकच्या गिअरवर फिरतो आणि जास्तीचा दाब स्प्रिंगचा व्हॉल्व्ह सोडून देतो. तिथे संगणकाचा हात पोचतच नाही. लॅपटॉपवरून फार तर इंजिनाचा स्लो वाढवता येईल, नाहीतर दिवा कोणत्या आकड्याला लागावा ती मर्यादा खाली आणता येईल. त्याने झिजलेलं बेअरिंग भरून येत नाही की चेंबरातली चोंदलेली जाळी मोकळी होत नाही. काही नव्या इंजिनांत मात्र पंपच ईसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या संगणकाच्या, ताब्यात असतो. डिझेल वाचावं म्हणून हलक्या भाराला तो दाब कमी ठेवतो, भार वाढला की चढवतो. तिथे हिशेबच चुकलेला असेल तर सॉफ्टवेअर हाच खरा इलाज, आणि त्याला माझी अजिबात ना नाही. पण आपल्या गाडीत यातला कोणता पंप आहे, हे मालकाला सांगतं कोण?

2015 मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांमधली धुराच्या चाचणीतली सॉफ्टवेअरची लबाडी उघड झाली. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआयने तपासण्या केल्या आणि 3 लाखांहून जास्त गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. धूर मोजायला एक मातब्बर संस्था होती, म्हणून ते शक्य झालं. आमच्या ऑइलचा दाब मोजायला गावचा मिस्त्री आहे, आणि त्याच्यापाशी कंपनीचा मूळ आकडाच नसतो. एप्रिल 2020 पासून गाड्यांना बीएस-6 लागू झालं, जानेवारी 2023 पासून 50 अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांनाही धुराचे नवे निकष आले. बॉनेटखालचा संगणक वाढत गेला, मिस्त्रीच्या हातातली माहिती होती तेवढीच राहिली.

आपल्या विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा शेतीची अवजारं आणि वाहनं दोन्ही त्यात घेतली. डिसेंबरात पोर्टलही सुरू केलं. त्याच हक्काच्या नावाने मागतो. ऑइल प्रेशरच्या तक्रारीवर सॉफ्टवेअर बदललं, तर गरम इंजिनावर गेजने मोजलेला आधीचा आणि नंतरचा दाब बिलावर लिहिणं सक्तीचं करा. पंपाचा दाब बदलला की नुसती दिव्याची मर्यादा, तेही मराठीत लिहिलेलं असावं. आणि प्रत्येक इंजिनाचे दाबाचे आकडे बाहेरच्या मिस्त्रींना फुकट मिळावेत; त्यात कंपनीचं कुठलं गुपित फुटत नाही.

दिवाळीच्या आसपास साखर कारखाने पेटतात. बिलाबद्दलचा आदेश तरी त्याआधी काढा.

आपला,
अंतरवाली सराटीचा एक वाहनमालक शेतकरी